कुरडईच्या गव्हाचा वास
कुरडयांसाठी भिजवलेल्या गव्हाचं झाकण तिसऱ्या दिवशी उघडलं, की आंबूस वास येतो आणि मला पुण्यातला तो बिअरचा कारखाना आठवतो. पुण्यात करायच्या कामांच्या माझ्या यादीत त्या दिवशी चष्मा आणि साडीचा फॉल होता. कारखाना भाच्याने हौसेने घुसवला. यांनी सात महिन्यांपूर्वी पिणं सोडलं होतं. भाच्याला ते ठाऊक नव्हतं, आणि कोणाला सांगायचं नाही, असं यांनीच बजावलं होतं, कारण आधी दोनदा सांगून फजिती झाली होती. आत स्टीलच्या उंच टाक्या, ओली फरशी आणि गोडसर वाफ. माहिती देणारी मुलगी भिजलेलं धान्य हातावर ठेवून दाखवत होती. मी यादीची घडी घालत होते, उघडत होते आणि यांच्याकडे पाहत होते. शेवटी तिने प्रत्येकाला चवीपुरता ग्लास दिला. "घ्या ना मामा, इथं कोण पाहून राह्यलं?" भाचा म्हणाला. यांनी ग्लास नाकाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला. मग म्हणाले, "भासेबुवा, हा तं कुरडईच्या गव्हाचा वास हाये! त्याचा शिजवलेला चीक भेटत असन तं आण, तूप-साखर टाकून." सगळे हसले. भरलेला ग्लास यांनी तसाच माझ्या हातात दिला. आता दर उन्हाळ्यात हे गव्हाच्या भांड्यापाशी येऊन उभे राहतात. "चीक कधी होते वं?" असं विचारेपर्यंत माझा हात झाकणावरून निघत नाही.