मामाचा पुसलेला गुन्हा

हे आत्ताच सांगायला पायजे, कालपासनं पोटात धरून बसलेय, आता फुटंन. अख्ख्या बेळगाव जिल्ह्यात आपला गुन्हा सरकारनं पुसला म्हणून रडणारा माणूस एकच हाय, आणि तो नेमका माझा मामा हाय. सख्खा न्हाय, आईचा मावसभाऊ, पण मिरवायला सख्ख्याच्या पुढं. लोकं केस मिटावी म्हणून नवस बोलतात. ह्यो बाबा मिटलेली केस परत मिळावी म्हणून कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होता.

झालतं असं. मामा शाळेत होता, मिसरूड फुटायचं होतं, भाषेवरनं बंद चाललाता, आणि ह्यानं बसवर दगड मारला. पोलिसांनी धरलं, मुलांच्या कोर्टापुढं उभं केलं, समज देऊन घरी धाडलं. पोरवयात हातनं झालेलं जन्माला चिकटू नये म्हणून असली फाईल मुदत संपल्यावर नष्ट करतात, कायदाच हाय तसा. ही पण केली. संपलं की. शहाण्या माणसानं देवापुढं नारळ फोडला असता. आमच्या शहाण्यानं त्या एका दगडावर सगळा जन्म उभा केला. लग्न असू दे, बारसं असू दे, कुणाचं तेरावं असू दे, पंगतीत बसला की सुरू, "आम्ही दोघं होतो बगा, आणि समोर पोलीसच पोलीस." दरवर्षी बस लांब होतीया, पोलीस वाढतायत, आणि दगड तर आता वरवंट्याएवढा झालाय. कोगनोळीच्या सीमेवरच्या नाक्यावर गाडी जरा थांबली की हा खाली उतरून कमरेवर हात ठेवून उभा, जणू हद्द ह्यानंच आखली. आणि आई काय सांगती माहिताय? ह्याचा दगड बसपर्यंत गेलाच न्हाय. मागच्या रसवंतीच्या पाटीला लागला. पाटी मराठीतली होती. मराठीसाठी मराठी पाटी फोडणारा एवढा एकच वीर देवानं आमच्या घराण्यात घातला.

बरं, गप बसावं तर तेबी न्हाय. मच्छेला एका कारखान्यात मुलाखतीला गेलता. साहेबानं आपलं सहज विचारलं, पोलीस केस वगैरे काय न्हाय ना. न्हाय म्हणायचा ह्याला कायद्यानं हक्क हाय, मान हलवली असती तरी चाललं असतं. ह्यो खुर्चीत सरसावून बसला आणि अख्खी बस साहेबाच्या टेबलावर आणून उभी केली. नोकरी गेली. घरी आला ते शीळ घालत, का तर साहेबानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं म्हणे. मामीनं त्या दिवशी भाकरी वाढली ती ताट वाजवूनच.

मग नाद लागला फाईलचा. कोर्टाच्या हाफिसात जाऊन नक्कल द्या म्हणाला. क्लार्क कानडीत म्हणाला, "इल्ल री," न्हाय, सगळं कवाच नष्ट केलंय. मामानं त्याच्यापुढं असा गळा काढला की त्या बिचाऱ्यानं पाणी आणून दिलं. एका वकीलबाईंनी बसवून समजावलं, अण्णा, नशीबवान हाय तुम्ही, कायद्याच्या नजरेत तुम्ही काय केलेलंच न्हाय. मामाचं तोंड एवढंसं झालं.

"म्हणजे आयुष्यात मी काहीच केलं न्हाय व्हय?" म्हणाला.

मी घरी येऊन लई हसले. आई हसली न्हाय. तवाच तिनं मला त्या दुसऱ्या पोराचं सांगितलं. मामासंगं जो पकडला गेला, तो आता आमच्याच भागात शाळेची व्हॅन चालवतो. (काम मी इथं बदलून लिहिलंय, गल्लीवाल्यांनी डोकं लावू नये.) बसची काच खरी फुटली ती त्याच्या दगडानं, आणि आतल्या एका बाईच्या कपाळाला लागली. मामाची मिरवायची गोष्ट, त्याची तोंड लपवायची. बायकोला माहीत न्हाय, शाळेला माहीत न्हाय. पोरांच्या आईबापांना कळलं तर दुसऱ्या दिवशी त्या व्हॅनमध्ये एक पोरगं बसणार न्हाय.

तर यंदा गल्लीतल्या तरुणांनी ठरवलं, सीमेच्या लढ्यात आत गेलेल्यांचा सत्कार करायचा. शाल, फेटा, स्टेजवर खुर्ची. मामाला झोप लागंना. बैठकीला इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यात आधी जाऊन बसला. अध्यक्ष म्हणाले, आप्पा, कागद तर न्हाय तुमच्याकडं. पण तुम्ही सारखं दोघं दोघं म्हणता. त्या दुसऱ्याचं नाव सांगा, तो उठून हो म्हणू दे, शाल दोघांना पण घालू.

व्हॅनवाला मागच्या रांगेत बसलाता. मी आणि आई बायकांच्या बाजूला. तो मान खाली घालून खुर्चीचं प्लास्टिक नखानं उकरालाता. मामानं मागं वळून एकदा बघितलं. मला वाटलं, संपलं, ह्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत न्हाय. आईनं माझा हात धरला.

"दुसरं कोण नव्हतं," मामा म्हणाला. "आणि मीबी नव्हतो. उगं सांगत होतो."

अशी हसली लोकं, अशी हसली. कुणीतरी शिट्टी मारली. एक म्हातारा म्हणाला, एवढी वर्षं आमचं जेवण गार केलंस की रं भाड्या. मामा पण त्यांच्यासंगं हसला आणि इस्त्रीच्या शर्टावरची नसलेली धूळ झटकत बाहेर गेला. मी मागं पळाले. मामा, का असं, म्हणून विचारलं तर चालता चालताच म्हणाला, "फाईल एकच होती गं. माझं परत आलं की त्याचं पण येतंय."

व्हॅन अजून चालू हाय. मामाला मात्र आता सगळे थापाड्या म्हणतात, बारकी पोरं सुद्धा. काल बोरगावला लग्न होतं. पंगतीत कुणीतरी डिवचलं, काय आप्पा, बस आली न्हाय अजून? मामानं नुसता मठ्ठा मागितला. आयुष्यभर ज्या गोष्टीला मी कंटाळले, ती त्यानं एकदा सांगावी म्हणून मी समोर ताट घेऊन बसून होते. त्यानं मान वर केली न्हाय.

तुमच्याकडं हाय का कुणी असा, ज्याला सगळ्यांनी खोटारडा ठरवलं, आणि खरं माहीत असून तुम्हाला गप जेवावं लागलं? खरं सांगा, झालंय का असं तुमच्या बाबतीत?