बेटावर सोडलेली मांजरं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो — तुम्ही आमच्या नाटे गावचे नाही, म्हणून असेल.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आधीची गोष्ट. नाट्याच्या बंदरावर एका व्यापाऱ्याची तांदळाची वखार मी सांभाळत असे. कामांची रोज सकाळी यादी, संध्याकाळपर्यंत सगळ्यावर रेघ, ही माझी शिस्त. उंदरांसाठी पाळलेल्या मांजरीला पिल्लं झाली होती. मालक म्हणाला, "ह्यांचा निकाल लाव." मी यादीत लिहिलं — मांजरं, चार.

पण निकाल कसा लावायचा? मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, असं आई सांगायची. वेशीबाहेर सोडली तर परत येतात. म्हणून पोत्यात घालून होडीनं समोरच्या बेटावर नेली. तिथं झरा होता. आणि खाणार काय — हे मला सुचलं नव्हतं का? सुचलं होतं. सुरय पक्षी तिथं उघड्या कातळावर अंडी घालत. चार मांजरं खाऊन किती खाणार, असं म्हटलं आणि यादीवर रेघ मारली.

तिसऱ्या वर्षी बेटावर उतरलो. कातळावर नुसती पिसं. कपारींतून डोळे बघत होते — किती, ते मी मोजलं नाही.

सुरय घिरट्या घालतात तिथं मासा, हा आमच्या दर्यावरचा हिशेब. पाखरं गेली, जाळी हलकी येऊ लागली. ठपका आला दाऊदचाचावर — आमच्या बंदरातल्या एका मच्छीमार होडीचा तो तांडेल. हंगामात एकदा तो बेटावरून अंडी आणायचा. दोन असली तर एक उचलायचा, एकटं असलं तर हात लावायचा नाही. बापापासूनची रीत. मांजरं दिवसा कपारींत दडून असत, ती त्याच्या नजरेस पडली नसावीत.

गावाची बैठक बसली. "पाखरं उडाली नाहीत चाचा, तुझ्या कालवणात बुडाली," कुणीसं म्हणालं. लोक हसले.

दाऊदचाचा माझ्याकडे वळला. "भाऊ, तू पूर्वी यायचास ना माझ्या होडीतून बेटावर? सांग यांना, मी एक अंडं ठेवायचो का नाय?"

ठेवायचा. ती ठेवलेली अंडी मी मोजलीही होती. मांजरांचं नुसतं नाव काढलं असतं, तरी तो तिथंच सुटला असता.

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणालो.

आठवड्यात त्याचे खलाशी दुसऱ्या होड्यांवर गेले. एकट्यानं होडी दर्यात लोटता येत नाही. ती विकून तो बुरोंडीला लेकीकडे निघाला. जाण्याआधी वखारीत येऊन माझा निरोप घेतला — माझ्या खांद्यावर हात ठेवून. माझं खरंच लक्ष नव्हतं, असंच तो समजून चालला होता.