महारुखाचा चुरा

मलकापुरात अशी बोलवा आहे, की सुलभा मॅडम घरात ब्लेडनं पानं चिरून लोकांवर करणी करायच्या, म्हणून कॉलेजनं त्यांना घरी बसवलं. यातलं ब्लेड तेवढं खरं.

मॅडम वनस्पतीशास्त्र शिकवायच्या, तासिकेवर. म्हणजे दर जूनमध्ये नेमणूक आणि दर एप्रिलात नारळ. यंदा कायमची जागा निघाली होती. संस्थेचे सचिव भागवतराव जिन्यात भेटले की मान तिरकी करून म्हणायचे, "मॅडम, तुमचं नाव आपल्या डोक्यात हाय बरं." त्या डोक्यात पुष्कळ नावं जाऊन बसली होती. बाहेर एकही आलं नव्हतं.

मग भागवतरावांनी जावयाचा माल पाठवला. जावई खोकल्याच्या काढ्यासाठी अडुळशाची सुकी पानं खामगावच्या व्यापाऱ्याला द्यायचा. पान अडुळशाचंच, असं व्यापाऱ्याला कॉलेजकडून लिहून हवं होतं. जावयानं हुशारीनं पानं चुरूनच पाठवली. आकारच नाही, तर ओळखणार कोण?

मॅडमनी चुरा कोमट पाण्यात भिजवला. एक तुकडा बटाट्याच्या चिरेत धरून ब्लेडनं काप घेतले, सगळ्यात पातळ काप ब्रशनं उचलून काचेवर ठेवला, लाल रंगाचा थेंब टाकला. अडुळशाच्या पानात चुन्याचे लांबट खडे दिसतात, विडीसारखे. इथं एक नाही. दुसरा काप घेतला, मग आणखी. खडे दिसावेत म्हणून मॅडम डोळ्याला पाणी येईस्तोवर पाहत राहिल्या. महारुखच होता तो, अडुळशाच्या नावावर नेहमी खपवतात त्या झाडाचा पाला.

घरी नीळकंठराव, त्यांचे यजमान, पोळी मोडता मोडता म्हणाले, "देऊन टाक ना सही. काढाच तं आहे. कोणी मरून राह्यलं का?"

"आणि पोरांना काय शिकवू? खडे दिसले नाहीत तर भागवतरावांना विचारा?"

भागवतराव प्रयोगशाळेत आले. "महारुख म्हणता? अहो, जावयानं सोताच्या हातानं तोडलं ना ते!"

"मग महारुखच तोडला त्यांनी. बघा तुम्ही."

त्यांनी चष्म्यासकट सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "मले तं बाप्पा लालच लाल दिसून राह्यलं. तुम्ही पाहा बरं पुन्हा, मुलाखतीच्या आधी."

मॅडमनी पुन्हा पाहिलं नाही. 'महारुख' लिहून सही केली. व्यापाऱ्यानं माल परत धाडला आणि करणीची बोलवा त्याच आठवड्यात सुटली. मुलाखतीत एकच प्रश्न झाला: "घर लांब पडत नाही का हो तुम्हाले?" घर कॉलेजच्या मागच्या गल्लीत. जागा सचिवांच्या भाचीला मिळाली. तिनं पहिल्याच तासाला बटाट्याऐवजी बोट कापलं.

मी मॅडमच्याच वर्गातली; छातीठोक सांगितलं, "मॅडम, परीक्षा आली की हेच लोक तुमच्या पायरीवर येतात. कचोरीची पैज!"

"नाही येणार," मॅडम म्हणाल्या. "प्रॅक्टिकलच गुंडाळतील."

परीक्षेत आम्ही पुस्तकातल्या आकृत्या वहीत उतरवल्या. सगळ्यांना पैकीच्या पैकी. कचोऱ्या घेऊन गेले, तर मॅडमनी पुडा उघडलाही नाही. नीळकंठरावांनीच खाल्ल्या.