गोष्टीतली मावशी

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. लेकीला नाही, जावयाला तर नाहीच. आज सांगायला बसलेय.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. मी लेकीकडे होते, हॉलंडला, उइटहॉर्नला. नात सई आठ वर्षांची. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर डचमधून! तिला कुणीतरी इंग्रजी पुस्तक दिलं — अमेरिकेतली जुनी, नावाजलेली जादूची गोष्ट. तिला अजून इंग्रजी वाचता येईना. लेक म्हणाली, "आई, सांगशील ना हिला वाचून?" मी म्हटलं, "न सांगायला काय झालं!"

आता मला कुठलं इंग्रजी? चौथीत शाळा सुटली. पुढचं मराठी वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर. पण चित्रं होती ना! कोट घातलेला बगळा, उडणारी होडी, आणि धुक्यात एक बाई — हातात वाडगा, एका पोरीला जवळ बोलावतेय. मी ठरवूनच टाकलं, ही त्या पोरीची मावशी. माय मरो पण मावशी जगो — आपल्यात मावशी कधी वाईट असते का?

काय रंगायची हो ती गोष्ट! शाळा सुटली की सई सायकल टाकून धावत यायची. मी ओळींवर बोट फिरवायचे नि मनचंच सांगायचे. आणि — खरं वाटणार नाही तुम्हाला — ती मराठीत विचारायला लागली! "आजी, मावशीनी खीर दिली? होडी बुडली का गं?" मी अशी हरखायचे! उद्या काय घडवू, या नादात आमटीत दोनदा मीठ पडायचं.

मग त्या गोष्टीवर नवा सिनेमा आला. वर्गातल्या पोरांनी पाहिला. आणि नेमकं तेव्हाच सईनं वर्गापुढे उभं राहून त्या पुस्तकाबद्दल सांगितलं. मावशी, खीर, सगळं. पोरं हसून लोळली. ती बाई चेटकीण होती हो. वाडग्यात विष होतं.

घरी आली ती दप्तरासकट माझ्यापुढे. "आजी, पुस्तकात मावशीच होती ना?" लेक तिथंच उभी. एक वाक्य पुरलं असतं — बाळा, मला इंग्रजी येत नाही. काय गेलं असतं माझं? पण मी हसले. म्हटलं, "अगं, मी चेटकीणच म्हणत होते. तुलाच मराठी धड कळत नाही."

रडली नाही. तिला सगळं नीट कळलं होतं — पण आजी कशाला खोटं बोलेल? तिनं माझंच खरं धरलं.

त्यानंतर ती माझ्याशी मराठीत बोलली नाही. लेक म्हणायची, "इकडची मुलं अशीच गं, आई." मी मान डोलवायचे.

सई आता मोठी झालीय. फोन करते, इंग्रजीत बोलते. मलाही थोडं जमतं आता. पण आधी ती माफी मागते — आपलं मराठी कच्चं म्हणून. दर वेळी मागते. आणि मी म्हणते, असू दे गं.