दात न आलेल्या लेकराची जागा

मी कॉलेजात गेले तेव्हा माझा थोरला मुलगा दहावीला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ही बाई त्या पोरांत काय करत होती असं वाटायला नको. लग्न झालं तेव्हा मी सातवी पास होते. पुढचं सगळं घरी बसून केलं. बुधवार पेठेतून जुनी पुस्तकं आणायची, चुलीपुढं वाचायची, अडलं की पुन्हा वाचायची, विचारायला कोणी नव्हतंच. अशी बाहेरून दहावी झाले, मग बारावी झाले, आणि मग डोक्यात आलं की आता वर्गात बसून बघू.

कॉलेजच्या ऑफिसातल्या क्लार्कनं अर्ज हातात घेतला आणि म्हणाला, "मुलगी कुठंय? सही तिची लागेल."

"अर्ज माझाच आहे."

त्यानं चष्म्यावरून बघितलं. "आपला. बरं. वयाची अट नाही, हे खरं आहे. ती का नाही, ते मला विचारू नका."

मला मराठी घ्यायचं होतं. पण त्याचे तास दुपारी, आणि दुपारी माझी गुरं, धारा, स्वयंपाक. सकाळचे तास होते ते मानवशास्त्राचे आणि पुरातत्त्वाचे. म्हणून ते विषय घेतले, दुसरं काही कारण नाही. लोक पुढं विचारायचे, तुम्हाला याची आवड कशी लागली, तर मी काहीतरी छान सांगायचे.

आमचं गाव तेव्हा नुकतंच पुण्यात ओढलं गेलं होतं. पाटी महापालिकेची, पण शेतं अजून होती. पहाटे धार काढून मी बस धरायची, स्वारगेटला उतरायचं, तिथून सदाशिव पेठेतून चालत जायचं. वाटेत क्लासला जाणारी पोरं सायकली मारत जायची आणि मी त्यांच्यात पदर खोचून, पिशवीत वह्या आणि भाकरी.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, ओसरीत बसलेले असायचे. एकदा विचारलं, "काय शिकवत्यात गं तिथं?"

"आधीची माणसं कशी राहत होती ते."

"आधीची व्हय. आत्ताची कशी ऱ्हात्यात ते कुणाला कळंना, अन् आधीची."

पण ते चिडवायचे तेवढंच. घरात मला जा म्हणणारे ते एकटेच होते. आमच्या ह्यांनी कारखान्याची पाळी सांभाळत 'कर बाई काय करायचं ते' एवढंच म्हटलं होतं.

पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलच्या खोलीत सरांनी हाडांची पेटी उघडली. लाकडी पेटी, खाली भुसा, आणि त्यात खरी माणसाची हाडं. पोरी मागं सरकल्या. एक म्हणाली, "काकू, तुम्ही आधी हात लावा ना, तुम्हाला सवय असेल." कशाची सवय, ते तिलाही माहीत नसावं. मी लावला. हाड हलकं असतं, वाटतं त्याहून फार हलकं.

सरांनी शिकवलं की माणूस किती वयाचा ते दातांवरून कळतं. मी विचारलं, "आणि दात आलेच नसतील तर?"

त्यांनी कपाटातून एक छोटा डबा काढला. कापसावर एका तान्ह्या बाळाचा जबडा होता, माझ्या अंगठ्याएवढा. त्याचं हाड एका बाजूनं तुटलेलं, आणि तुटलेल्या जागी आत बारीक बारीक दात दिसत होते, रांगेनं, मोत्याच्या कण्यांसारखे.

"दात असतातच, काकू," सर म्हणाले. "वर आलेले नसतात इतकंच."

मी तो डबा परत दिला आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. कुणाला काही बोलले नाही.

आता सांगते. माझी पहिली मुलगी. उन्हाळ्यात तिला हगवण लागली आणि दोन दिवसांत ती गेली. चांगली पालथी पडायला लागली होती. आमच्यात दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात. आणि त्याच्या आईला नेत नाहीत. जागासुद्धा सांगत नाहीत. आईला जागा कळली तर ती तिथं जाऊन बसते, तिचा जीव तिथंच अडकतो, मग पुढचं लेकरू धरत नाही, असं म्हणायचे. मामंजींनी तिला माझ्या मांडीवरून उचललं, बाहेर नेलं. उन्हं उतरताना परत आले, पाय धुतले, आणि घरात तो विषय संपला. मला नंतर दोन मुलगे झाले. सासूबाई गेल्या. ती मुलगी होती हे माहीत असणारं घरात कोण? मी, हे, आणि मामंजी. आणि जागा माहीत असणारे मामंजी एकटे. मी कधी विचारलं नव्हतं. विचारायचं नसतं म्हणून नव्हतं विचारलं, आणि इतकी वर्षं मला वाटत होतं की मला ते नकोच आहे.

दुसऱ्या वर्षी थंडीत सर आम्हाला उत्खननाला घेऊन गेले. पुण्याहून दोन-तीन तासांवर, नदीकाठी एक पांढरीचं टेकाड होतं, म्हणजे जुनं गाव मातीत गेलेली जागा. आम्ही तंबूत राहायचो. पोरी रडकुंडीला यायच्या, पाणी गार, पाठ मोडायची. मला तर ते माहेरपण वाटलं. आयतं जेवण, आणि दिवसभर माती.

तिथं सरांनी आम्हाला चराची भिंत वाचायला शिकवलं. सरळ उभा चर खणायचा, त्याची भिंत थापीनं तासून गुळगुळीत करायची, वर जरा पाणी शिंपडायचं, की थर दिसायला लागतात. राख, पिवळी माती, काळी माती, एकावर एक. आणि मधेच कुठं कुणी कधीकाळी खड्डा खणला असेल, तर तोही दिसतो. सर म्हणायचे, "खड्डा एकदा खणला की बुजवला तरी माती पहिल्यासारखी बसत नाही. हजारो वर्षं गेली तरी कळतं. आणि खड्डा कधीचा, ते त्याच्या तळाशी काय पडलंय त्यावरून ठरवायचं. सगळ्यात नवी वस्तू शोधायची. तुमच्या मनात काय आहे ते भिंतीला विचारायचं नाही."

तिथल्या एका घराच्या जमिनीखाली दोन मडकी निघाली. आडवी, तोंडाला तोंड लावलेली. मला ब्रश देऊन बसवलं, कारण माझा हात स्थिर होता. मी कडेची माती काढत गेले. वरच्या बाजूला मडकं फुटलं होतं, त्यातून आत बघितलं तर बरगड्या. काडेपेटीतल्या काड्यांसारख्या.

मागं एक पोरगा म्हणाला, "काकूंना गुप्तधन सापडलं." एक पोरगी त्याला म्हणाली, "गप रे." मी ब्रश चालवत राहिले.

संध्याकाळी सर एकटे उभे होते तेव्हा विचारलं, "सर, यांच्यात आईला जागा माहीत असायची?"

त्यांना प्रश्नच नीट कळला नाही. म्हणाले, "अहो, चुलीपासून चार हातांवर पुरलंय. राहत्या घरात. माहीत नसून कसं चालेल?"

त्या रात्री मला झोप लागली, खोटं कशाला सांगू. पण उठले तेव्हा ठरलेलं होतं की घरी जाऊन विचारायचं.

घरी आले तर निराळंच चाललेलं. आमचं रस्त्याकडचं शेत बिल्डरला द्यायचं ठरत होतं ते ठरून गेलं होतं. वेगळ्या राहणाऱ्या दिरांनी आणि ह्यांनी सह्या केल्या होत्या. वडाऱ्यांची माणसं येऊन पायाचे चर खणायला लागलीसुद्धा. मी मामंजींपुढं जाऊन बसले.

"मामंजी, त्या दिवशी तिला कुठं ठेवलं?"

त्यांनी कुणाला ते विचारलं नाही. तंबाखू मळत होते, मळत राहिले. मग म्हणाले, "कशापायी इचारतीस आता?"

"मला माहीत असावं म्हणून."

"सांगत नसत्यात."

"मुलं झाली, मोठी झाली, मामंजी. आता कुणाला काय होणार आहे?"

 त्यांनी हातातला तंबाखू तसाच खाली टाकला. "रस्त्याकडच्या शेतात हाय ती. बांधाला. बाभळीखाली."

ओसरीत हे बूट घालत होते. त्यांनी ऐकलं. "आता कशाला उकरताय ते," एवढं म्हणाले आणि कामावर गेले. ते असं का म्हणाले हे मला कळत होतं, पण मी थांबणार नव्हते. दोन दिवसांत पायाच्या चरांत काँक्रीट पडणार होतं. तिला निदान तिथून काढून दुसरीकडं, नदीला, कुठं तरी नीट ठेवावं, किंवा नुसतं एकदा बघावं, एवढंच माझं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला गेले नाही. उत्खननाच्या वेळी विकत घेतलेली थापी पिशवीत घातली आणि मामंजींना हाताला धरून शेतात नेलं. तिथं गेल्यावर ते उभेच राहिले. बांध नव्हता. बाभळ तर आधीच तोडलेली. विहीर बुजवून टाकलेली. सगळं सपाट, आणि त्यात आडवे-उभे चर, कडेला मातीचे ढीग. मामंजींनी काठी एकीकडं केली, मग दुसरीकडं.

"हितं आसंल. न्हाई. हीर कुठं हुती?"

"तिकडं, मामंजी. त्या विटांच्या पलीकडं."

"मग हिकडं. हिकडं बांध."

मी चरात उतरले. मुकादम वरून म्हणाला, "बाई, काय हरवलंय?" मी म्हटलं, "बघते जरा." तो निघून गेला, वेडी म्हणाला असेल.

मी भिंती तासत गेले. तासायची, पाणी शिंपडायचं, बघायचं. काळी माती, खाली मुरूम, काळी माती, खाली मुरूम. आणि मग चौथ्या का पाचव्या चरात तो दिसला. मुरमात उतरलेला, ताटाएवढ्या रुंदीचा एक खड्डा, कडा स्पष्ट, आतली माती कालवलेली. गुडघाभर खोल. अर्धा भिंतीत होता, अर्धा वडाऱ्यांच्या फावड्यानं गेलेला.  मामंजी वरून वाकून बघत होते. त्यांना भिंतीतलं काय कळणार, पण माझं तोंड त्यांना दिसत होतं.

"गावली?"

मी मांडी घालून चरात बसले आणि उरलेला अर्धा खड्डा शिकवल्यासारखा वरून खाली काढायला लागले, बोटाबोटानं. खडे. मुळ्या. कौलाचा तुकडा. तळाशी आले. तळाच्या मातीत, अगदी मुरमाला चिकटून, एक पांढरी पट्टी होती. मी ती ओढली. युरियाच्या पोत्याची प्लॅस्टिकची सुतळी. आणखी दोन होत्या.

ती गेली तेव्हा आमच्याकडं खत तागाच्या पोत्यात यायचं. प्लॅस्टिकची पोती फार नंतर आली. हा खड्डा कशाचा तरी होता, लिंबाचं रोप लावलेला असेल, खांबाचा असेल, तिचा नव्हता. भिंतीला मनातलं विचारायचं नाही, सर म्हणाले होते. मी तर विचारलंही नव्हतं, तरी उत्तर मिळालं.

"हीच जागा," मामंजी वरून म्हणाले.  "हीच हाय पोरी. म्या खणलीय, मला म्हाईत न्हाई व्हय? एवढीच रुंद हुती. गुडघाभर. खाली मुरूम लागला, पहार नव्हती, मग हातानंच केली."

मी वर बघितलं. उन्हामुळं त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. सुतळी मी मुठीत घेतली.

"हो मामंजी," मी म्हटलं. "हीच."

ते चराच्या काठावर हळूच खाली बसले, पाय आत सोडून, आणि बोलायला लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्या तुझ्या मांडीवरनं घेतली तवा ती अजून कोमट हुती, म्हणाले. माझ्या डोक्याचा पटका सोडला आन् त्यात गुंडाळली. पुरताना मीठ घालत्यात, ते न्यायचं इसरलो, मग परत घरी आलो, तू आतल्या घरात हुतीस, कुणी बघितलं न्हाई. मीठ घातलं. वर काटं टाकलं, कुत्री येत्यात म्हणून. मग रोज यायचो महिनाभर, काटं नीट करायला. तुझ्या सासूला म्हणायचो पाणी धरायला चाललोय.

मी ऐकत होते. पटका मला आठवला, लाल होता. तो पुढं कधी दिसला नाही आणि मला कधी प्रश्नही पडला नव्हता.

"दिसतंय का गं काय तिथं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही राहत, मामंजी. तान्ह्याचं काही राहत नाही. मातीच होते."

हे खोटं होतं. राहतं. मी स्वतः ब्रशनं साफ केलं होतं. पण त्यांनी मान हलवली, बरं झालं म्हणाले, आणि कमरेची चंची सोडली. तिच्यात त्यांनी घरून मीठ आणलं होतं. माझ्या नकळत. हात लांब करून त्यांनी ते वरून त्या खड्ड्यात सोडलं, आणि मी खालून दोन्ही हातांनी माती लोटली. मुकादम आला, म्हणाला, आजोबा, काठावर बसू नका, माती ढासळेल. मी त्यांना उठवलं.

परत जाताना माझ्या डोळ्यांपुढं बाकीचे चर होते. अजून दोन बाजूंच्या भिंती मी बघितल्याच नव्हत्या. पिशवीत थापी होती, दिवसही पुष्कळ शिल्लक होता. पण मामंजींनी माझा दंड धरला होता आणि ते कधी नव्हे इतके सरळ चालत होते. मला तिथं पुन्हा शोधताना त्यांनी बघितलं असतं, तर त्यांना कळलं असतं. मी मागं वळले नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेले, आणि संध्याकाळी बसमधून उतरले तेव्हा चर भरलेले होते.