किन्हवलीतला शनिवारचा इंग्रजी तास

प्रशिक्षण संपलं की अहवाल पंचायत समितीत जातो. हजेरीपत्रक जातं, ग्रुप फोटोही जातो. ऑफिसला जे नको असतं तेवढंच आपल्याकडे उरतं, आणि माझ्याकडे असं पुष्कळ उरलंय! आम्ही जुने शिक्षक कुणाच्या लग्नात भेटलो, की नवरानवरीवर अक्षता पडायच्या आत पहिला किस्सा सुरू होतो. मग मंगलाष्टकांपेक्षा आमचाच आवाज जास्त.

मी तेव्हा किन्हवलीजवळच्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. दोन हजार साली सरकारने पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं. मुलांना काहीच वाटलं नाही. धसका घेतला तो आम्ही! आमचं डी.एड. मराठीतून, शिकवणं मराठीतून, नवऱ्याशी भांडणसुद्धा मराठीतून. इंग्रजी दहावीला कसंबसं पास केलं आणि देवाचे आभार मानून सोडून दिलं होतं. तेच आता शाळेच्या दारात येऊन उभं राहिलं.

मग आमचं प्रशिक्षण लागलं. ठाण्याहून एक तरुण सर आले. चांगला माणूस, पण पहिल्याच मिनिटाला म्हणाले, “ओन्ली इंग्लिश प्लीज!”

दिवसभर वर्गात बोलबोलून ज्यांचे घसे बसतात, अशा चाळीस-पन्नास शिक्षकांनी भरलेला हॉल एका वाक्यात चिडीचूप झाला.

थोड्या वेळाने निचिते गुरुजींनी करंगळी वर केली. निचिते गुरुजी आमच्यात सगळ्यांत ज्येष्ठ. पांढरी टोपी, घरची भातशेती, गणित शिकवण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही. त्यांना बाहेर जायचं होतं, पण ते इंग्रजीत कसं विचारायचं? आयुष्यभर पाठ असलेलं एकच वाक्य त्यांनी उभं राहून म्हटलं, “मे आय कम इन सर?”

सर गोंधळले. “बट गुरुजी, यू आर ऑलरेडी इन!”

शेजारी बसलेल्या विशे बाईंनी हळूच अर्थ सांगितला, “तुम्ही आतच आहात, असं म्हणतायत ते.”

“म्हणून तर विचारतोय!” गुरुजी कळवळून म्हणाले. “आत नसतो तं कशाला विचारलं असतं?”

हॉल हसून हसून आडवा झाला. गुरुजीही हसले. पण संध्याकाळी एसटी स्टँडवर ते माझ्याशेजारी उभे होते. गाडी दिसली तेव्हा एवढंच म्हणाले, “बाई, तीस वर्षं पोरं शिकवली. आज पैल्यांदा मला वर्गाची भीती वाटली.”

मलाही तीच भीती वाटत होती, फक्त मी हात वर केला नव्हता.

*

गुरुजींच्या त्या एका वाक्यामुळे आमचा शनिवारचा तास सुरू झाला. शनिवारी शाळा सकाळची असते. ती सुटली की ज्याला यायचंय त्याने किन्हवलीच्या केंद्रशाळेत यायचं आणि एक तास फक्त इंग्रजी बोलायचं. कुणाचा आदेश नाही, हजेरी नाही. नियम एकच. जो मराठी बोलेल, त्याने सगळ्यांचा चहा करायचा.

पहिल्या शनिवारी आम्ही अकरा जण आलो. गोल बसलो. सगळे चहाला घाबरलेले! पाच मिनिटं गेली, दहा गेली. कुणी टोपी नीट केली, कुणी पदर. विशे बाई एकदा म्हणाल्या, “फॅन.” आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. पंखा बंद होता. बाईंना तो लावायचा होता, पण पुढचा शब्द आठवत नव्हता.

तेवढ्यात आमचे केंद्रप्रमुख भोईर साहेब दारात आले. आत अकरा माणसं माना खाली घालून बसलेली. त्यांनी हळूच चपला काढल्या, आवाज खाली आणला आणि विचारलं, “कोन गेलं रे?”

पहिला चहा भोईर साहेबांनी केला.

*

पुढे जिभा सुटल्या. इतक्या, की तासभर पुरेना. मी आणि विशे बाई शहापूरहून एकाच गाडीने यायचो. ठरवलं, एसटीतही सराव करायचा. पुस्तकात प्रश्न दिलेले होतेच.

“हाऊ मेनी ब्रदर्स हॅव यू?” मी विचारायचे.

“आय हॅव टू ब्रदर्स,” विशे बाई सांगायच्या. “हाऊ मेनी सिस्टर्स हॅव यू?”

अख्खी गाडी गप्प बसून ऐकायची. आम्हाला वाटायचं, लोकांवर काय छाप पडतेय! आठवडाभर हे चाललं. आठव्या दिवशी मी परत भावांची चौकशी केली, तसा कंडक्टर तिकिटं फाडता फाडता थांबला.

“बाई,” तो मला म्हणाला, “यांना दोनच भाऊ हायत. गेल्या सोमवारपासून आमाला सगल्यांना पाठ झालंय. आता जरा भयनीचा नवरा काय करतो ते विचारा की!”

दुसऱ्या दिवशी विशे बाईंनी मला बहिणीच्या नवऱ्याबद्दल विचारलं. मागच्या सीटवरून कुणीतरी “हां, हे बेस!” म्हणालं.

*

त्या दिवसांत रेडिओवर मुलांसाठी इंग्रजीचा पाठ लागायचा. आमच्या पाड्याला डोंगर आडवा, त्यामुळे रेडिओ वर्गात लागायचा नाही. बाहेर ओट्याच्या एका विशिष्ट कोपऱ्यात ठेवला आणि एरियल हाताने धरलं तरच लागायचा. म्हणून पाठ ओट्यावर आणि एरियल माझ्या हातात.

रेडिओतली बाई गोड आवाजात म्हणायची, “गुड मॉर्निंग चिल्ड्रन! हाऊ आर यू?” आणि माझी चाळीस पोरं ओरडायची, “आय अॅम फाईऽऽन!”

पाड्यावरचा एक म्हातारा, बुधाबाबा, रोज समोरच्या दगडावर बसून ऐकायचा. एक दिवस त्याने मला विचारलं, “ती बाय रोज काय विचारते गो?”

“कसे आहात, बरे आहात ना, असं विचारते.”

“नि पोरा काय सांगतान?”

“आम्ही बरे आहोत.”

बाबा विचारात पडला. मग पोरांकडे वळून चांगलाच तापला. “काय रे! ती बाय रोज येवून तुमची चवकशी करते, नि तुमी एकदाबी तिला उलटं इचारलं नाय, का बाय, तू बरी हायस का? अशी शिकवन हाय तुमची?”

दुसऱ्या दिवशी पोरांनी “आय अॅम फाईन” म्हटलं आणि पाठोपाठ रेडिओकडे वाकून सगळी एकसुरात ओरडली, “हाऊ आर यू, बाई?”

प्रश्न उलटा कसा विचारायचा, हे शिकवायला मी पुढच्या आठवड्यात दोन तास राखून ठेवले होते. ते वाचले!

*

आता निचिते गुरुजींच्या रजेचा किस्सा. केंद्र संमेलनात एका शिक्षकाने सगळ्यांसमोर आदर्श पाठ घ्यायचा असतो. पावसाळ्यात गुरुजींचा नंबर आला, आणि विषय इंग्रजी. संमेलन शुक्रवारी, त्यांच्याच शाळेत. गुरुजी सोमवारीच भोईर साहेबांकडे रजेचा अर्ज घेऊन गेले.

साहेबांनी अर्ज परत दिला. “गुरुजी, रजा देतो. पन अर्ज इंग्रजीत लिवून आना. दुसऱ्याकडून लिवून घेतला तं मला अक्षर कळतं.”

गुरुजी तीन दिवस शाळा सुटल्यावर आमच्याकडे यायचे. स्पेलिंग विचारायचे, पण वाक्य सांगू द्यायचे नाहीत. डिक्शनरी छातीशी धरून लिहीत होते. गुरुवारी त्यांनी अर्ज नेऊन दिला. सात ओळींचा. त्यात एक वाक्य होतं, “माय स्टमक विल पेन ऑन फ्रायडे.”

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. म्हणाले, “सात ओळी. चूक शोधतोय, सापडत नाय. ज्याला एवढं येतं, त्याला पाठ घेता येतोच. नामंजूर!”

शुक्रवारी आम्ही पंचवीस शिक्षक गुरुजींच्या वर्गात मागे बसलो. ठाण्याचे सरही मुद्दाम आले होते. बाहेर भात लावणीचा पाऊस. गुरुजी वर्गातली एकेक वस्तू उचलत होते. “वॉट इज धिस?” “धिस इज अ बॅग!” “वॉट इज धिस?” “धिस इज अ बॉटल!” पाठ छान चालला होता. आवाज आधी कापत होता, तोही स्थिर झाला.

आणि पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. भिंतीला पोरांची इरली टेकवून ठेवलेली होती, पावसात पाठीवर घ्यायची पानांची इरली. त्यातलं आपलं इरलं तिने उचललं आणि सरळ विचारलं, “गुरुजी, वॉट इज धिस?”

गुरुजींना इंग्रजी शब्द माहीत नव्हता. मला नव्हता, विशे बाईंना नव्हता. मी ठाण्याच्या सरांकडे पाहिलं, ते छताकडे पाहत होते. गुरुजींच्या कपाळावर घाम आला. मला एसटी स्टँड आठवला.

गुरुजींनी टोपी काढली, घाम पुसला, टोपी परत घातली. मग त्या मुलीला म्हणाले, “आय डोन्ट नो. यू टेल मी.”

“इरलं,” ती म्हणाली.

गुरुजी फळ्याकडे वळले. इंग्रजी अक्षरांत, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत त्यांनी इरलं लिहिलं. मग खडूची धूळ झटकून म्हणाले, “धिस इज अॅन इरलं!”

“धिस इज अॅन इरलं!” वर्ग गरजला.

पाठ संपल्यावर एका शिक्षकाने ठाण्याच्या सरांना हळूच विचारलं, “सर, इंग्रजीत असा शब्द आहे का हो?”

सर वहीत काहीतरी टिपून घेत होते. मान वर न करता म्हणाले, “सकाळपर्यंत नव्हता.”

*

आमची ही गोष्ट मुरबाडकडे पोचली. तिकडच्या शिक्षकांनी वैशाखऱ्याला असाच तास सुरू केला आणि पहिल्या दिवशी आम्हाला पाहुणे म्हणून बोलावलं. आम्ही सात जण जीप करून गेलो. आता आम्ही अनुभवी! गुरुजींनी तर इस्त्रीचा सदरा घातला होता.

शाळा माळशेजच्या रस्त्याला लागून. कार्यक्रम सुरू होतोय तोच एक गाडी थांबली आणि एक उंच गोरा माणूस उतरला. गळ्यात दुर्बीण, हातात रिकामी बाटली. घाटात पक्षी बघायला निघाला असणार. तो शाळेच्या फाटकातून थेट आत आला.

खरा इंग्रज! एवढे महिने आपापसांत बोलत होतो, आणि आता हा समोर उभा! वैशाखऱ्याची मंडळी आमच्याकडे बघायला लागली. आम्ही सहा जणांनी एक पाऊल मागे घेतलं, त्यामुळे निचिते गुरुजी न हलता पुढे आले.

गुरुजींनी छाती काढली. “गुड मॉर्निंग सर! वेलकम! वॉट इज युवर नेम? हाऊ कॅन आय हेल्प यू?”

एकही चूक नाही! आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. पण तो माणूस लालबुंद झाला. दोन्ही हात हलवत, कानशिलं खाजवत, मोठ्या कष्टाने म्हणाला, “नो... नो इंग्लिश. फ्रान्स. सॉरी. नो इंग्लिश.”

गुरुजी आमच्याकडे वळले, आणि त्यांच्या तोंडावर असा आनंद मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

“अरे,” ते ओरडले, “हा तं आपल्यातलाच हाय!”

त्याची बाटली भरून दिली, त्याला पोहे खायला घातले. तासभर तो आमच्यात बसला होता. कुणाला कुणाचं काही कळलं नाही, आणि कुणाला जायची घाईही नव्हती.

*

शेवटचा सांगते. पहिलीपासून इंग्रजी शिकलेली पोरं चौथीत आली, त्या वर्षी किन्हवलीला आम्ही इंग्रजी मेळावा घेतला. मांडव घातला, आसपासच्या पाड्यांवरून पालकांना बोलावलं. प्रत्येक शाळेतल्या एका मुलाने माईकवर येऊन आपल्या आईबद्दल पाच वाक्यं बोलायची. वाक्यं मुलांनी स्वतः तयार करायची, आम्ही हात लावायचा नाही, असं ठरलं होतं.

माझ्या शाळेतून चौथीतली जनी होती. तिची आई सोमी जंगलातून रानभाज्या, करवंदं आणून बाजारात विकायची. बाई इतकी ठेंगणी, की माझ्या खांद्याला लागायची नाही. मेळाव्याला आली, पण पुढच्या खुर्च्या सोडून मागे मांडवाच्या खांबाशी उभी राहिली. पुढच्या गर्दीतून तिला काही दिसत नव्हतं. मी जाऊन तिच्याजवळ थांबले.

जनी माईकसमोर आली. “माय मदर इज सोमी. शी गोज टू द जंगल. शी नोज ऑल ट्रीज.” तोवर माझा जीव भांड्यात पडला होता. मग ती म्हणाली, “माय मदर इज व्हेरी टॉल.” आणि शेवटी, “आय लव्ह माय मदर.”

टाळ्या झाल्या. सोमीने माझा पदर ओढला. “बाय, काय बोलली ती माज्यावर?”

मी सगळं सांगितलं. तुला सगळी झाडं ठाऊक आहेत म्हणाली. तू खूप उंच आहेस म्हणाली.

“मी?” सोमीने तोंडाला पदर लावला. खूप वेळ काढलाच नाही.

पुढच्या रांगेतून आमचे विस्तार अधिकारी मागे आले. त्यांनी सोमीकडे एकदा पाहिलं आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाले, “बाई, मुलगी चांगली बोलली. पण टॉल आणि शॉर्टमध्ये घोटाळा आहे बरं का. पक्कं करून घ्या.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कार्डं दाखवून, मुलांना उभं करून, महिनाभर मी तेच तर शिकवलं होतं! कार्यक्रम आटोपल्यावर मी जनीला मांडवाच्या कडेला घेतलं.

“जने, टॉल म्हणजे काय गो?”

“उंच.”

“आणि शॉर्ट?”

“बुटका.”

“मग तुझी आई काय आहे?”

जनीने वळून खांबाशी उभ्या असलेल्या सोमीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. बाईंना एवढंही कळू नये, असा तिचा चेहरा झाला होता.

“टॉल,” ती म्हणाली.