शेजारच्या बोर्डावरची

धाकटीचा हात भलताच चपळ. गाड्यांसाठी वायरिंगचे जुडगे बांधणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळ्या बायका 'झटपट'च म्हणत. खिळ्यांच्या बोर्डावर वायरी पसरायच्या, टोकांना कनेक्टर बसवायचे, वरून टेप गुंडाळायची. बाकीच्यांची टेप निम्म्यावर असे तोवर हिचा पुढचा जुडगा सुरू. तिला इथे चिकटवली ती तिच्या थोरल्या जावेने. सुपरवायझरच्या नाकदुऱ्या काढून शेजारचाच बोर्ड मिळवून दिला, ओरडत-रागावत कामही शिकवले. घरातही तूच आणि इथेही तूच, असे कुरकुरत डब्यातला मोठा वाटा मात्र ती हिच्याकडे सरकवायची.

पुढे गाडीवाल्या कंपनीने ऑर्डर कमी केली आणि कारखान्यात 'फेररचना' हा शब्द आला. शब्द गोंडस, पण त्याचा अर्थ झाडूवाल्यालाही कळला. पाठोपाठ घड्याळवाला आला. एकेका बाईच्या मागे उभा राहून तिला जुडग्याला किती वेळ लागतो ते टिपू लागला. अशा वेळी सगळ्यांनी मिळून सावकाश काम करायचे, म्हणजे कोणी एकटी उघडी पडत नाही, हा बायकांचा जुना ठराव. थोरलीने तोही तिला शिकवला होता. पण त्या दिवशी धाकटीला फक्त स्वतःची नोकरी दिसली. ठराव गेला खड्ड्यात, म्हणत ती अशी सुटली की घड्याळवाल्यानेही मान डोलावली.

थोडक्याच दिवसांत दोन बोर्डांचे काम एकट्या धाकटीकडे आले आणि थोरली घरी बसली.

तरी थोरली रोज हिचा डबा भरून द्यायची. धाकटी तो तसाच परत आणायची. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते. शेवटी ती ऑफिसात गेली, चूक माझी आहे, ताईंना परत घ्या म्हणाली. तिथले साहेब भले होते. त्यांनी तिला बसवले आणि सांगितले, की चाळिशीपुढच्या बायका काढायच्या हे वरून आधीच ठरले होते, घड्याळ नुसते दाखवायला होते.

धाकटीच्या छातीवरचा धोंडा उतरला. घरी येताच तिने सगळे एका दमात सांगून टाकले.

थोरली कपड्यांच्या घड्या घालत होती. "मला अंदाज होताच," ती म्हणाली. "पण तुला कुठे ठाऊक होतं? मग त्या दिवशी तू कुणाला मागे टाकत होतीस गं?"

"ताई, मला काही सुचतच नव्हतं. शेजारी कोण आहे तेसुद्धा दिसलं नाही."

थोरलीने मान हलवली आणि पुढचा कपडा उचलला.

धाकटीला दिसले होते. तिने तिरक्या नजरेने शेजारी पाहिले होते, थोरलीचा जुडगा निम्म्यावरच होता आणि ते पाहून तिला हायसे वाटले होते.